कोंडीराम फायनल बघायला जातात

सोपानराव कुदळ्यांचा पाय फुटबॉलला आयुष्यात एकदाच लागला होता, आणि तोही चेंडू अंगावर आला म्हणून. पण म्हणून त्यांनी फुटबॉल पाठीराखे मंडळाचं अध्यक्षपद घेऊ नये, असं कुठं लिहिलंय? ज्यांना साधी आमटी करता येत नाही ती माणसं पंगतीत हिरिरीनं वाढतातच की! सोपानराव पिंपरीतल्या एका ओतकाम कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होते. कामगार कधी आत आला, कधी बाहेर गेला, कुठली रजा घेतली, हे सांभाळणं त्यांचं काम. कंपनीचा फुटबॉलचा संघ होता, म्हणून मंडळ निघालं. संघ सारखा हरायचा, म्हणून मंडळाला दुसरं काहीतरी काम शोधावं लागलं.

'पाठिंबा म्हणजे नुसता घसा फोडणं नव्हे, वसाहतीची सेवा झाली पाहिजे,' असं सोपानरावांनी पहिल्याच बैठकीत ठणकावलं होतं. सेवा कसली ते कोणी ठरवलं नाही, ते आपोआप ठरलं. मंडळाकडं झेंड्यांसाठी आणलेले बांबू होते, सुतळी होती आणि तिन्ही शिफ्टमध्ये विखुरलेली दणकट माणसं होती. केव्हाही हाक मारा, चार खांदे मोकळे. कामगार वसाहतीतली माणसं गावोगावची, कुणाचे भाऊबंद साताऱ्याला तर कुणाचे बीडला. घरात कोणी गेलं की खांदा द्यायला माणूस मिळायचा नाही. एका म्हाताऱ्याला मंडळानं पोहोचवलं, मग दुसऱ्याला, आणि बघता बघता लोक तिरडीसाठी मंडळाकडंच यायला लागले. वर्षाच्या शेवटी सोपानरावांनी नोटीस बोर्डावर अहवाल लावला. त्यात मंडळानं पार पाडलेल्या अंत्ययात्रा वर होत्या आणि संघानं केलेले गोल खाली. गोल कमी भरले.

तिरडी बांधण्यात हनीफचा हात धरणारं कोणी नव्हतं. हनीफचं चिंचवडच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं दुकान. त्याच्या घरी ही पद्धत नाही, पण गाठ मारावी तर त्यानंच. दोन लांब बांबू, मधे आडव्या कामट्या, वर गवत. गप्पा मारता मारता तो बांधून मोकळा व्हायचा. ज्ञानदेव नावाचा लेथवाला पुढं मडकं धरायचा, आणि सोपानराव सगळ्यांना सूचना द्यायचे, ज्या कोणी ऐकत नसे.

आता एवढं पुण्य गाठीला बांधल्यावर माणसाला मान मिळावा की नाही? झालं उलटंच. मंडळाची खूण म्हणजे गळ्यात पिवळा रुमाल. तो रुमाल दारात दिसला की बाया पोरांना आत ओढायला लागल्या. सोपानराव एकदा एका आजारी शेजाऱ्याला बघायला दवाखान्यात गेले, तर त्या शेजाऱ्यानं रुमाल बघून हंबरडाच फोडला. सोपानरावांच्या पत्नी शालनबाई म्हणाल्या, "तो रुमाल काढून ठेवत जा आधी. माणूस दुखण्यानं नाही जायचा, तुमच्याकडं बघून जाईल." सोपानराव दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आणि अशात एक अघटित घडलं. संघ फायनलला पोहोचला.

औद्योगिक ढालीची फायनल, आणि तीही आपल्याच कंपनीच्या मैदानावर! कसं पोहोचलो हे खेळाडूंनाही नीट सांगता येईना, पण एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, की निम्मे गोल डाव्या बाजूनं पळणाऱ्या विलासनं केले होते. विलास हा कोंडीरामांचा मुलगा. कंपनीत बदली कामगार होता. कायम करावं लागू नये म्हणून अशा पोरांना कंपनी सहा-सात महिन्यांनी घरी बसवायची आणि परत घ्यायची. विलासचं असं तीन वर्षं चाललं होतं. त्याचं लग्नही त्याच पायी तीनदा ठरता ठरता राहिलं होतं.

कोंडीराम कुरुळीचे. सगळी उमर ओतकाम खात्यात गेली, ओतलेल्या लोखंडावरची वाळू झाडून काढण्यात. ती वाळू छातीत जाऊन बसली. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा बिडीचा परिणाम. कोंडीराम बिडी ओढत नव्हते. मग डॉक्टरांनी विचारलं, शेजारी कोणी ओढतं का? शेजारी ओढत होता. झालं, निदान पक्कं! 'कामास अपात्र' म्हणून वर्षापूर्वीच कंपनीनं त्यांना घरी पाठवलं, आणि तेव्हापासून ते वसाहतीतल्या खोलीत पडून होते. उठून बसवलं की खोकल्याची उबळ यायची आणि जीव घाबरा व्हायचा.

फायनलच्या आधी सोपानराव त्यांना भेटायला गेले. रुमाल खिशात ठेवून गेले, उगाच वाद नको.

"सोपानराव," कोंडीराम म्हणाले, "पोरगं लई पळतंय म्हनं."

"वारा आहे वारा!"

"आमी कवा बघितलंच न्हाई. ऐतवारी वरटाइम आसायचा. आन आता ह्ये आसं." जरा वेळ ते नुसते श्वास घेत राहिले. "एकडाव डोळ्यांनी बघितलं आस्तं, म्हंजे मग कायबी झालं तरी चाललं आस्तं."

सोपानराव उठून उभेच राहिले. "बघणार!" ते म्हणाले. "कोंडीराम, तुम्ही फायनल बघणार. मंडळ तुम्हाला नेणार!"

कोंडीरामांची बायको भिमाबाई चुलीपाशी होती. तिनं मान वळवून सोपानरावांकडं असं बघितलं, की मंडळाची कीर्ती तिच्याही कानावर असावी.

न्यायचं कसं, हा पुढचा प्रश्न. कंपनीची ॲम्ब्युलन्स मागितली, तर उत्तर आलं की ती फक्त कामगारांसाठी आणि फक्त दवाखान्यात जाण्यासाठी. कोंडीराम आता कामगार नव्हते आणि मैदान हा दवाखाना नव्हता. शेजारचे बबनराव म्हणाले, भाजीची हातगाडी घ्या. ती घेऊन बघितली, तर पहिल्याच खड्ड्यात खुद्द बबनराव, जे नमुना म्हणून वर झोपले होते, ते खाली आले. रिक्षात बसवायचं तर उबळ. म्हणजे आडवंच न्यायला हवं, आणि धक्का न लावता. शेवटी सोपानराव म्हणाले, "आपल्याकडं बांबू आहेत, सुतळी आहे. एक झकास स्ट्रेचर बांधा!"

आता सांगा, यात त्यांचं काय चुकलं? कल्पना उत्तम होती. पण हनीफच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक होती. दोन लांब बांबू, मधे आडव्या कामट्या. टोचू नये म्हणून वर गवत. ऊन लागू नये म्हणून शालनबाईंनी धुतलेली पांढरी चादर दिली, ती गळ्यापर्यंत ओढली. अंग घसरू नये म्हणून दोन ठिकाणी सुतळी बांधली. कोंडीरामांना वाटेत पाणी लागेल म्हणून ज्ञानदेवानं पाण्याचं मडकं शिंकाळ्यात अडकवून घेतलं, आणि सवयीनं पुढं जाऊन उभा राहिला. संघाच्या कप्तानासाठी आणलेला झेंडूचा हार कोणाच्या हातात अवघडायला नको, म्हणून सोपानरावांनी तो कोंडीरामांच्या छातीवर ठेवला. निघायच्या आधी भिमाबाईनं खोकल्याचं औषध दोन चमचे जास्त पाजलं होतं. वसाहतीच्या कमानीपाशी पोहोचेपर्यंत कोंडीरामांना गाढ झोप लागली.

चौघांनी खांदा दिला होता. भिमाबाई पदर डोक्यावरून घेऊन मागं चालत होती, ऊन होतं म्हणून.

पहिल्यांदा वाण्यानं दुकानाची फळी अर्धी ओढली. सोपानरावांना वाटलं, तोही मॅचला निघालाय. मग पिठाच्या गिरणीवरच्या बाया हात जोडून उभ्या राहिल्या. सोपानरावांनी झोकात नमस्कार स्वीकारला. मग सायकलवरून उतरून दोघे मागं चालायला लागले, मग दहा, मग अख्खी एक चाळ. सोपानरावांचा ऊर भरून आला. इतकी वर्षं मंडळाच्या हाकेला कोणी आलं नव्हतं आणि आज संघामागं वसाहत लोटली होती! त्या भरात त्यांनी मागं वळून आरोळी ठोकली, "बोला, विजय कुणाचा?"

कोणीच बोललं नाही. एक म्हातारा हुंदका देऊन म्हणाला, "लई सोन्यासारखा मानूस व्हता हो."

"कोण?" सोपानरावांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं तिरडीकडं बोट केलं. आणि तेव्हा कुठं, त्या दिवशी पहिल्यांदाच, सोपानरावांनी आपण काय बांधलंय आणि कसं चाललोय ते धडपणे बघितलं.

"हनीफ," ते खालच्या आवाजात म्हणाले, "अरे, ही तिरडी आहे!"

"तो क्या हुआ, मजबूत है ना?" हनीफ म्हणाला. "आणि बांधताना तुम्ही समोरच होता राव."

मागच्यांना ओरडून सांगावं, तर तोवर मैदान आलं होतं आणि बातमी त्यांच्याआधी पोहोचली होती. सोपानराव धोतराचा सोगा सावरत व्यासपीठाकडं धावले. व्यासपीठावर कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर चिटणीससाहेब होते आणि शेजारी युनियनचे तापट पुढारी ज्योतीराम होते. पगारवाढीच्या कराराची बोलणी तुटायला आली होती आणि समोर सगळ्या औद्योगिक पट्ट्यातले कामगार बसले होते. ज्योतीरामांनी माईक धरला आणि सुरू झाले, "कोंडीरामला कुणी मारलं? या कंपनीच्या वाळूनं मारलं! वर्षापूर्वी त्याला कुत्र्यासारखं हाकललं, आणि आज..."

मैदान खवळलं. गर्दीतून एक चप्पल आली. चिटणीससाहेब गोरेमोरे झाले, मग त्यांनी ताडकन उठून माईक हिसकावला. "कंपनी कोंडीरामांना विसरलेली नाही!" ते ओरडले. "त्यांच्या स्मृतीला वंदन करून मी या ठिकाणी जाहीर करतो, की त्यांचे चिरंजीव विलास यांना आजपासून कायम करण्यात येत आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग प्रसंग लक्षात येऊन लोकांनी टाळ्या आवरल्या.

सोपानराव व्यासपीठाच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. 'साहेब, माणूस जिवंत आहे,' हे वाक्य ओठांवर आलं होतं. तीन वर्षं ज्या पोराला टाइम ऑफिसच्या खिडकीतून 'उद्यापासून येऊ नको' असं त्यांनीच सांगायचं, तो पोरगा आता कायम झाला होता. त्यांनी पाय खाली घेतला.

ते वळले आणि तिरडीपाशी आले. तिरडी मानानं अगदी पुढं, मैदानाच्या रेषेला लागून ठेवली होती. भिमाबाई उशाशी बसली होती. गलक्यानं कोंडीरामांची झोप मोडली होती.

"येवढी मानसं!" ते पुटपुटले. "मॅच लागली का?"

"डोळं मिटा," भिमाबाई म्हणाली.

"का?"

"तुमी म्येलाय."

कोंडीराम जरा घाबरले. "कवा?"

"आवं, तुमी म्येलाय म्हनून विलास परमनंट झालाय. सायबानं भोंग्यावर सांगितलं, समद्यांम्होरं. आता डोळं उघडलं तर ग्येलं ना पोराचं!"

कोंडीराम बराच वेळ आभाळाकडं बघत राहिले. मैदान हाताच्या अंतरावर होतं. नुसती मान वळवली असती तरी पोरगा दिसला असता. "आन मॅच?" त्यांनी विचारलं.

सोपानराव खाली वाकले. "मी सांगतो," ते म्हणाले. "सगळी सांगतो, कोंडीराम. एक पासही सोडत नाही."

कोंडीरामांनी डोळे मिटले. भिमाबाईनं पदराच्या टोकानं स्वतःच्या कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. "पुसलं तर पुसलं," ती स्वतःशीच म्हणाली, "परत लावता येतंय."

मग दोन मिनिटं शांतता जाहीर झाली. हजारो माणसं उठून उभी राहिली. एरवी या मैदानावर बोललेलं ऐकू यायचं नाही, आज पानाची सळसळ ऐकू येत होती. आणि कोंडीरामांच्या छातीत खरखर सुरू झाली! सोपानरावांनी बघितलं, त्यांचा गळा फुगतोय, चेहरा काळानिळा पडतोय. उबळ आता येते की मग येते. भिमाबाईनं त्यांच्या छातीवर अंग टाकलं आणि असा हंबरडा फोडला, की व्यासपीठावरचे साहेबसुद्धा दचकले. त्या आवाजाखाली कोंडीरामांनी खोकून घेतलं. ती रडत राहिली आणि ते खोकत राहिले. बघणाऱ्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सोपानरावांना नंतर कितीदा तरी वाटलं, की त्यातलं नाटक किती होतं ते भिमाबाईलाही सांगता आलं नसतं.

विलास बाकीच्या खेळाडूंबरोबर रांगेत उभा होता. बापाला बघून तो धावत सुटणार, तेवढ्यात सोपानरावांनी त्याला मिठी मारली आणि कानात सगळं सांगितलं. लोक म्हणाले, काय धीर दिला बघा अध्यक्षांनी! विलास मात्र त्यांच्याकडं अशा नजरेनं बघत होता, की सोपानरावांनी मान खाली घातली. "कोंडीरामांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून सामना खेळवावा," असं ठरलं आणि शिट्टी वाजली.

सोपानराव तिरडीशेजारी मांडी घालून बसले आणि रडक्या सुरात सुरू झाले. "अरेरे कोंडीराम! चेंडू मधल्याकडं आला हो! त्यानं डावीकडं दिला हो! तुमचा विलास सुटला, कोंडीराम, तुमचा विलास सुटला!" आजूबाजूच्यांना वाटलं, अध्यक्षांना दुःख अनावर झालंय. एकानं त्यांना पाणीही आणून दिलं, मडक्यातलं.

"एक गेला... दुसरा गेला... आता गोलकीपर समोर आहे हो... अगंगं... गेला!"

"कोन ग्येला?" मागून एका म्हातारीनं विचारलं.

चेंडू गोलात गेला होता. कोंडीरामांचे ओठ हलले. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरलं, ते सोपानरावांनी चादरीनं टिपलं.

विलासनं त्या दिवशी तीन गोल केले. पहिल्यांदा सोपानराव हरखून गेले, मग त्यांच्या लक्षात यायला लागलं. समोरचा संघ खडकीचा, दांडगा, आडवं येऊन पाय घालणारा. पण विलासच्या पायात चेंडू आला की ते बाजूला व्हायचे. बाप समोर तिरडीवर असलेल्या पोराला कोण पाडणार? त्यांच्या बॅकनं तर एकदा चेंडू सोडून विलासच्या पाठीवर हात ठेवला. तिसऱ्या गोलनंतर विलास हसला नाही, हात वर केले नाहीत, सरळ मधल्या रेषेवर येऊन उभा राहिला. सोपानरावांनी हे कोंडीरामांना सांगितलं नाही. "काय पळतोय, काय पळतोय," एवढंच म्हणत राहिले.

संघानं ढाल जिंकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! आणि आता पुढचं संकट उभं राहिलं, कारण मॅच संपली की माणसं घरी जातात, पण अंत्ययात्रा मधेच संपत नाही. सगळं मैदान पवनेच्या घाटावर यायला निघालं. चिटणीससाहेबांनी कंपनीतर्फे लाकडं जाहीर केली. तिरडीवरच्या कोंडीरामांनी ते ऐकलं असावं, कारण त्यांच्या पायाचा अंगठा हलला.

"नाही, नाही!" सोपानराव ओरडले. "त्यांच्या घराण्यात रीत आहे, गावीच न्यायचं. कुरुळीला!"

"मग कुरुळीला येतो," लोक म्हणाले. साहेबांनी दोन ट्रक देऊ केले. आणि सोपानरावांच्या तोंडून निघून गेलं, "कुरुळीत पटकीची साथ आहे."

ट्रक रिकामे राहिले. माणसं दुरूनच हात जोडायला लागली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. हनीफनं मित्राचा टेंपो आणला. त्यात कोंडीरामांना ठेवलं, भिमाबाई आणि विलास चढले, सोपानरावांना चढावंच लागलं, आणि टेंपो भोसरीच्या रस्त्याला लागला.

मोशीच्या पुढं इंद्रायणीचा पूल ओलांडला, तसे कोंडीराम डोळे उघडून विलासकडं बघायला लागले. त्याच्या अंगावर अजून खेळाचा बनियन होता, गुडघ्यांना माती होती.

"लई ग्वाड खेळलास म्हनं," ते म्हणाले.

"मला कोणी आडवलंच न्हाई, दादा," विलास म्हणाला. तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

कोंडीराम कुरुळीत भावाच्या मळ्यावरच्या खोलीत राहायला लागले. विलास खरोखरच कायम झाला. ज्योतीरामांनी पाठपुरावा करून कागद काढून घेतला. ऑफिसनं म्हटलं, मृत्यूचा दाखला सवडीनं आणून द्या. तो मागं लागून आणवायचं काम टाइम ऑफिसचं, म्हणजे सोपानरावांचं. सोपानराव मागं लागले नाहीत. इतकी वर्षं कामगाराच्या पाच मिनिटांच्या उशिरालाही सूट न देणारा हा माणूस आता कोणी खिडकीशी आलं तरी दचकायचा. वसाहतीत मात्र त्यांचा मान एकदम वाढला. शोकसभेत त्यांचं भाषण झालं. शालनबाई म्हणाल्या, "बरं बोललात. जिवंत माणसाबद्दल तुम्ही कधी इतकं चांगलं बोलत नाही." सोपानरावांना चहा कडू लागला.

भिमाबाईचे हाल सांगण्यापलीकडचे. वसाहतीत तिला कोरं कपाळ घेऊन वावरावं लागे. सणाला बाया तिला हळदीकुंकवाला बोलवेनाशा झाल्या. शनिवारी ती एस.टी.नं कुरुळीला जायची, तेव्हा इंद्रायणीच्या पुलावर कनवटीची डबी काढून कुंकू लावायची. सोमवारी येताना त्याच पुलावर पुसायची. एकदा कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ह्ये काय?" ती म्हणाली, "अल्याड म्येलाय, पल्याड हाय." कंडक्टरनं परत कधी विचारलं नाही.

कोंडीरामांना मळ्यावर फार करमायचं नाही. त्यांना चाकणच्या बाजारात जायची बंदी, रस्त्याला यायची बंदी. कुरुळीतली पोरं भोसरीला कामाला जायची, कोणी ओळखलं तर? विलास ऐतवारी आला की ते त्याला मळ्याच्या कडेला चेंडू खेळून दाखवायला सांगायचे. विलास म्हणायचा, मी खेळायचं सोडलंय. ते खरंच होतं. ढाल कंपनीच्या ऑफिसात काचेच्या कपाटात होती आणि विलास त्या बाजूनं जात नसे.

थंडीत कोंडीराम गेले. पहाटे खोकले आणि गेले, एवढंच. दूधवाल्याच्या हाती वसाहतीत निरोप आला तेव्हा विलासची पहिली शिफ्ट सुरू झाली होती.

सोपानरावांनी खिडकीतून त्याला बोलावून सांगितलं. विलास हातातल्या पुसायच्या बोळ्यानं बोटं पुसत राहिला.

"रजा टाका माझी," तो म्हणाला.

"कसली टाकू?" सोपानरावांनी विचारलं. वडील वारल्याची रजा विलासनं केव्हाच घेतली होती. ती त्यांनीच मांडली होती. एका माणसाला वडील एकच, एवढं कंपनीलाही कळत होतं. "पोटात दुखतंय म्हण. गेटपास काढू."

विलास दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि 'कामास योग्य' असा शेरा देऊन परत पाठवलं. फोरमन म्हणाला, "नाटकं करू नको. कायम झालास म्हणून चढलास होय?" विनापरवाना बाहेर जावं, तर चौकशी लागली असती, आणि चौकशीत पहिला प्रश्न आला असता, कुठं गेला होतास? विलास मशीनवर जाऊन उभा राहिला. खात्यात त्या दिवशी कोणी त्याच्याशी बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही झालंय हे कोणाला ठाऊकच नव्हतं.

सोपानराव शालनबाईंच्या आजारपणाचं खोटं कारण सांगून निघाले. मंडळाला हाक मारायची सोय नव्हती. एकट्या हनीफला घेतलं. रुमाल दोघांनीही घरीच ठेवले. कुरुळीत हनीफनं बांबू मागून घेतले आणि अंगणात बसून बांधायला लागला. एका गाठीला तो अडला, सुतळी सोडून परत बांधली, परत सोडली.

खांद्याला भाऊबंद होते, चार-सहा माणसं. पुढं कोंडीरामांच्या भावानं मडकं धरलं. ओढ्याच्या काठाला फार वेळ लागला नाही. हार आणायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अग्नी द्यायची वेळ आली, तशी माणसं थांबली. भावानं इकडंतिकडं बघितलं. बायका मागं राहतात, पण भिमाबाई रस्त्याच्या वळणापर्यंत आली होती आणि तिथून पुढं यायला कोणी तिला अडवलं नव्हतं. ती कोरड्या डोळ्यांनी उभी होती. तिनं सोपानरावांना हाक मारली.

"इलास वाटंला लागला का?"

"त्याची शिफ्ट आहे," सोपानराव म्हणाले.

"मग रजा टाकायची." ती अगदी साधेपणानं म्हणाली. "परमनंट हाय न्हवं तो आता? परमनंटला मिळती की रजा. येऊ द्या त्याला, आमी थांबतो."

हनीफ दुसरीकडं बघत होता.

"थांबतो आमी," भिमाबाई भावाला म्हणाली, आणि तिथंच मातीत बसली. ती बसली म्हणून मग बाकीचेही बसले. ऊन वर आलं, मग कललं. पहिली शिफ्ट तीनला सुटायची आणि पिंपरीहून कुरुळीला यायला दोन एस.टी. बदलाव्या लागायच्या. सोपानराव तिच्याजवळ बसून राहिले, आणि चाकणच्या रस्त्यानं एखादी गाडी आली की सगळेजण माना वर करून बघत होते.